विरामचिन्हांचा वाडा

पुण्यात तुळशीबागेतली खरेदी उरकून थोरल्या बाजीराव रस्त्याला लागलं की नजर कशावरच ठरत नाही. रिक्षा, बस, भेळ, बांगड्या, पिशव्या सावरत चाललेली माणसं. पण दोन-चार मिनिटं चालून मान जरा वर केली, की गर्दीच्या डोक्यावर एक लाकडी सज्जा तरंगताना दिसतो. काळसर तपकिरी सागवान, त्यावर कोरलेले खांब, खांबांमधून महिरपी. तो विश्रामबागवाडा. पुण्याच्या माणसाला तो इतका सवयीचा झालाय की ‘विश्रामबागच्या स्टॉपला उतर’ असं सांगताना वाडा डोळ्यांपुढे येतच नाही.

मी मात्र दर वेळी तिथे थांबते. त्या सज्ज्यात एक कोडं कोरलेलं आहे आणि ते मला अजून जुनं झालेलं नाही.

त्या खांबांना सुरूचे खांब म्हणतात. कोकणातल्या माणसाला सुरू म्हटलं की समुद्रकाठचं बन आठवतं, वाऱ्यात सूं-सूं वाजणारं. हा सुरू तो नव्हे. हा फारसीतला ‘सर्व’, इराणी बागेतला सरळसोट, वर निमुळता होत जाणारा, बारा महिने हिरवा वृक्ष. शाहजहानच्या दरबारात अशा घडणीच्या खांबाला ‘सर्व-अंदाम’, म्हणजे सुरूच्या अंगलटीचा, असं नाव होतं. बुडाशी फुगीर, मग पाकळ्यांतून वर निघणारा, वर जाता जाता बारीक होणारा. आग्र्याच्या आणि दिल्लीच्या दगडात कोरलेली ती अंगलट दक्षिणेत उतरली आणि इथल्या सुतारांनी ती सागवानात उचलली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी महिरपींना केळफुलं लावली. खाली मान घालून लोंबणारी, टोकाशी निमुळती, जशी परसातल्या केळीला लागतात तशीच. एका नजरेत बुडाशी इराण आणि माथ्याशी कोकण. कोण्या कारागिराच्या हाताला हे जोडकाम सुचलं असेल, याचा विचार करत मी फुटपाथवर उभी राहते आणि लोक मला वळसा घालून जातात.

या लाकडाचं महत्त्व कळायला आधी शनिवारवाड्यात जाऊन यावं लागतं. पेशव्यांचा मुख्य वाडा तो. १७३० च्या जानेवारीत पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. आज तिथे गेलं की दिल्ली दरवाजा दिसतो, बुरूज दिसतात, आत कारंजी आणि जोती दिसतात. वाडा दिसत नाही. १८२८ च्या फेब्रुवारीतल्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम गेलं, दगड तेवढा राहिला. पेशव्यांच्या दिवाणखान्याचं छत कसं असेल, खांब कसे असतील, उजेड चौकातून ओसरीवर कसा उतरत असेल, हे आपल्या डोळ्यांनी पाहायचं तर पावलं विश्रामबागवाड्याकडेच वळवावी लागतात. शुक्रवारवाडा गेला, बुधवारवाडा गेला. हा राहिला.

हा वाडा उभा कसा आहे, हेही समजून घेण्यासारखं आहे. आपल्याला घर म्हटलं की भिंतींवर छत असं वाटतं. वाड्यात भिंतींवर भार नसतो. आधी दगडी जोतं. त्यावर खांबाच्या खाली दगडाचा तळखडा, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल लागू नये. तळखड्यावर सागवानी खांब. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला लाकडी हात, त्याला हस्तच म्हणतात. हस्तावर तुळई, तुळईवर ओळीनं कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर माती-चुन्याची जमीन. एका लाकडाचं कुसू दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवायचं आणि सांधा लाकडाच्याच खुंटीनं पक्का करायचा. सगळा सांगाडा असा हातात हात घालून उभा राहतो. भिंती मागाहून भरतात, विटांच्या आणि मातीच्या.

म्हणून भिंत पडली तरी घर पडत नाही. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे वाचून नव्हे, डोळ्यांनी पाहून माहीत होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा कित्येक वाड्यांच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या आणि खांब-तुळयांचे नुसते सांगाडे चिखलात उभे राहिले, असं ते सांगत. सागाला अंगचं तेल असतं, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही, पाण्यानं तो लवकर कुजत नाही. त्याचा एकच खरा वैरी, आग. तिच्याकडे आपल्याला पुढे यायचंच आहे.

वाडा बांधला दुसऱ्या बाजीरावानं. त्याच्या आधी इथे सरदार हरिपंत फडक्यांची बाग होती. तेव्हाच्या पुण्याची दाट वस्ती इथे विरळ होत जायची, त्यामुळे बाग आणि विश्राम हे दोन्ही शब्द तेव्हा अगदी सरळ अर्थानं शोभत होते.

काळ मात्र विश्रामाचा नव्हता. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीचा दिवस. यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पुण्यातून निघाला तो कोकणात उतरून वसईला पोचला. तिथे वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, त्यानं इंग्रजांशी तह केला आणि १३ मे १८०३ रोजी इंग्रज फौजेच्या आधारानं तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. ही तारीख लक्षात ठेवा, १३ मे. याच सुमाराला विश्रामबागवाड्याचं काम सुरू झालं. सहा वर्षं चाललं आणि सुमारे दोन लाख रुपये खर्च आले. शनिवारवाड्याच्या पहिल्या बांधकामाला सोळा हजार एकशे दहा रुपये लागले होते. मधली सत्तर वर्षं आणि दोन्ही वाड्यांचा आवाका जमेस धरूनही, ज्या दौलतीचा स्वतःच्या फौजेवरचा हात सुटला होता तिनं एका वाड्यावर किती जीव ओतला, हे त्या दोन आकड्यांत दिसतं.

बाजीरावाबद्दल महाराष्ट्रात चांगलं बोलायची रीत नाही आणि त्याला कारणंही पुष्कळ आहेत. पण त्याचं लहानपण आठवलं की वाड्याकडे बघायची नजर थोडी बदलते. १० जानेवारी १७७५ ला धारला जन्मलेला हा राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुलगा नजरकैदेत वाढला. शेवटी जुन्नरला अटकेत असताना त्याला पेशवाईची वस्त्रं घेण्यासाठी बोलावणं आलं. ज्या शनिवारवाड्यात तो पेशवा म्हणून शिरला, तिथे १७७३ मध्ये त्याच्या चुलतभावाचा, नारायणरावाचा, खून झाला होता आणि त्याचा ठपका त्याच्याच बापावर होता. तिथेच १७९५ मध्ये सवाई माधवराव वरून पडून गेला होता. अशा घरात रात्री दिवा मालवून झोपायचं होतं. त्याला दुसरीकडे, बागेत, नव्या लाकडाच्या वासात राहावंसं वाटलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

राहायला मिळालं किती? १८०९ च्या सुमाराला वाडा पुरा झाला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, ती बाजीरावानं पर्वतीवरून पाहिली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ३ जून १८१८ ला तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी बिठूरला गेला. तो परत आला नाही. पुरा झालेला वाडा त्याला जेमतेम आठ वर्षं लाभला. आज त्या वाड्याचं वय दोनशेच्या पुढे आहे. म्हणजे या घराच्या आयुष्यात त्याचा पहिला मालक हा अगदी थोडक्या मुक्कामाचा पाहुणा ठरला.

आणि खरी गोष्ट तो गेल्यावर सुरू होते.

पेशवाईत श्रावणात दक्षिणा वाटत. देशभरातले वैदिक, शास्त्री, पंडित पुण्यात जमत. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता, तिथे त्यांना विद्येप्रमाणे दक्षिणा मिळे. दाभाड्यांनी तळेगावला सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांकडे आली आणि वाढत वाढत लाखांवर गेली. इंग्रजांचं राज्य आल्यावर त्यांच्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपुढे प्रश्न उभा राहिला: ही एकदम बंद केली तर विद्वान मंडळी बिथरतील, चालू ठेवली तर खजिना कुरकुरेल. त्यानं मधली वाट काढली. रक्कम कमी केली आणि तिच्यातला काही भाग संस्कृत पाठशाळेकडे वळवला. ६ ऑक्टोबर १८२१ ला ती पाठशाळा सुरू झाली. जागा, विश्रामबागवाडा. ज्या दालनांत नाचगाण्याच्या बैठकी झाल्या असतील तिथे न्याय, व्याकरण, ज्योतिष, वेदान्त, अलंकार यांचे पाठ घुमू लागले. मुलांना फी द्यावी लागत नव्हती, उलट त्यांनाच वेतन मिळे. अर्थात, आत शिकायला बसायची मुभा ब्राह्मणांच्या मुलांपुरतीच होती. हे विसरून पुढची गोष्ट सांगता येणार नाही.

त्या पाठशाळेत शिकलेला एक मुलगा म्हणजे कृष्णशास्त्री चिपळूणकर. पुढे ते तिथेच शिकवू लागले. ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणलं, ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ त्यांनी मराठीत आणल्या. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री, ‘निबंधमाले’चे. आज आपण मराठीत निबंध म्हणून जे काही लिहितो त्याची एक मुळी या वाड्याच्या ओसरीवर रुजलेली आहे.

पाठशाळेचा प्रमुख मात्र होता एक लष्करी माणूस, मेजर थॉमस कँडी. हा माणूस मराठीच्या इतक्या प्रेमात पडला की त्याचं सगळं आयुष्य तिच्यातच गेलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला तो आणि त्याचा जुळा भाऊ जॉर्ज या दोघांचे हात लागले. इंग्रजी-मराठी कोश त्यानं पुरा केला. शाळेची पुस्तकं तपासली, कायदे मराठीत आणले. पण मला थक्क करते ती त्याची एक छोटी पुस्तिका, १८५० ची. तिचं नाव ‘विरामचिन्हांची परिभाषा’.

ती का लागली, हे कळायला मोडी कागद हातात धरायला हवा. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढत जाई आणि मग तिला अक्षरं लटकवत जाई. लेखणी उचलायची नाही, म्हणून अक्षरं एकमेकांत गुंतलेली. शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे दाखवणारी मोकळी जागा नाही. वाक्य कुठे थांबलं हे सांगणारी खूण नाही. वाचणाऱ्याला मजकुराची सवय असे, म्हणून तो अर्थावरून तोडत तोडत वाची. पोथीत दंड असे, पण तो श्लोकाच्या कामाचा. गद्यात प्रश्न विचारलाय की सांगितलंय, उद्गार आहे की हुकूम, हे सगळं वाचणाऱ्याच्या जिभेवर सोपवलेलं. दरबारात एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, तोवर हे चालून जाई. पण छापखाना आला. पुस्तक एकट्यानं, मनात, अनोळखी मजकूर म्हणून वाचायची वेळ आली. आता श्वास कुठे घ्यायचा हे कागदानंच सांगायला हवं होतं.

कँडीनं इंग्रजीतल्या खुणा उचलल्या, त्या मराठीत कुठे आणि कशा घालायच्या हे शिकवलं आणि त्यांची परिभाषा मांडली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम. प्रश्नचिन्ह. उद्गारचिन्ह. हे वाक्य तुम्ही वाचताय ते या खुणांच्या आधारानंच वाचताय. आपल्या भाषेला थांबायला शिकवणारा माणूस ज्या पाठशाळेचा प्रमुख होता, ती भरत होती विश्रामबाग नावाच्या घरात. विराम आणि विश्राम. हा योगायोग मला कुणी सांगितला नव्हता. एकदा त्या दारावरचं नाव वाचताना तो माझा मला दिसला आणि त्या दिवशी मी घरी पोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

१८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र झाल्या आणि त्यांचं ‘पूना कॉलेज’ झालं, याच वाड्यात. त्याच वर्षीच्या जानेवारीत तिकडे बिठूरला बाजीराव वारला. मालकाचे डोळे मिटले आणि त्याच्या घरात कॉलेज उघडलं. ही बातमी त्याच्या कानावर गेली असती तर त्याला काय वाटलं असतं, कोण जाणे.

दुसरा प्रसंग त्याहून मोठा. १६ नोव्हेंबर १८५२. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्याबद्दल सरकारनं जोतीराव फुल्यांचा जाहीर सत्कार केला, मेजर कँडीच्या हातून शालजोडी देऊन. जागा, विश्रामबागवाडा. इथून जोतीराव-सावित्रीबाईंची १८४८ सालची भिडेवाड्यातली शाळा चालत गेलं तर काही मिनिटांवर होती. पण ते अंतर मिनिटांत मोजायचं नाही. ज्या पेशव्याच्या राज्यात जोतीरावांनी ज्यांच्यासाठी शाळा काढल्या त्यांची सावली रस्त्यावर पडलेली चालत नव्हती, त्याच पेशव्याच्या वाड्यात पंचविशीतला एक माळ्याचा मुलगा सन्मानाची शाल खांद्यावर घेत होता. बाजीराव पुणं सोडून गेल्याला तेव्हा पुरी पस्तीस वर्षं व्हायची होती. त्या पुण्यात असे लोक नक्की असतील ज्यांनी तरुणपणी या वाड्यापुढून पेशव्याची स्वारी जाताना पाहिली होती. त्यांच्यापैकी कुणी त्या दिवशी गर्दीत असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

या गोष्टीला एक कडू शेपूटही आहे. दक्षिणेच्याच पैशातून मराठी ग्रंथांना बक्षिसं देण्यासाठी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी झाली होती. जोतीरावांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून तिच्याकडे दिलं आणि कमिटीनं ते नाकारलं. मराठीतलं ते एक अगदी पहिलं नाटक. ते छापून लोकांपुढे यायला शंभराहून जास्त वर्षं जावी लागली.

१८५७ मध्ये, उत्तरेत बंड पेटलेलं असताना, पंचवीस वर्षांचा एक इंग्रज कवी या कॉलेजचा प्रिन्सिपल होऊन आला. एडविन अर्नल्ड. चार वर्षं राहिला. इथे तो संस्कृत शिकला, मराठी शिकला, ‘हितोपदेशा’चं त्यानं इंग्रजी केलं. परत गेल्यावर १८७९ मध्ये त्यानं बुद्धचरित्रावरचं ‘द लाइट ऑफ एशिया’ हे काव्य छापलं आणि बुद्ध कोण होता हे इंग्रजी वाचणाऱ्या असंख्य घरांत त्या पुस्तकानं पोचवलं. मग त्यानं गीतेचा अनुवाद केला, ‘द साँग सेलेस्टियल’. लंडनमध्ये कायदा शिकायला गेलेल्या मोहनदास गांधी नावाच्या मुलानं गीता पहिल्यांदा वाचली ती याच अनुवादात. आत्मकथेत त्यांनी ते संकोचून लिहिलंय, की तोवर गीता ना संस्कृतात वाचली होती ना गुजरातीत. सदाशिव पेठेतल्या एका चौकात गिरवलेलं संस्कृत असं लंडनच्या खोलीत जाऊन पोचलं.

१८६४ मध्ये कॉलेजचं नाव डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या बाजूला, सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीचा हातभार लागलेल्या नव्या दगडी इमारतीत गेलं. वाड्यात सरकारी हायस्कूल राहिलं.

आणि आता ती तारीख. १३ मे १८७९.

त्या रात्री पुण्यात दोन पेशवेकालीन वाडे एकाच वेळी पेटले. बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा. मे महिना, पुण्याची कोरडी हवा, सत्तर वर्षं वाळलेलं सागवान. बुधवारवाड्यात सरकारी कचेऱ्या होत्या, सरकारी पुस्तकांचं भांडार होतं, लोकहितवादींच्या पुढाकारानं निघालेलं ग्रंथालय होतं. तो वाडा गेला तो कायमचा. विश्रामबागवाड्याची पूर्वेकडची बाजू जळाली, बाकीचा वाचला. शहात्तर वर्षांपूर्वी याच तारखेला बाजीराव पुण्याच्या गादीवर परत बसला होता.

त्या आगीनं पुण्याची झोप उडाली, कारण तो काळच तसा होता. दुष्काळाच्या झळा ताज्या होत्या. फेब्रुवारीपासून वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं आणि ते अजून सापडले नव्हते. सरकारला वाटलं, ही बंडवाल्यांची खूण. संशयाची सुई फिरत फिरत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांपर्यंत आली. ते सुट्टीत पुण्यात होते. तडकाफडकी त्यांना धुळ्याला जायचा हुकूम झाला आणि तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जाऊ लागली. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे दिवस लिहून ठेवलेत. शेवटी आग लावणारा सापडला तो सरकारी पुस्तक भांडारातलाच एक नोकर. त्याचं आडनावही रानडे. बंडाशी न्यायमूर्ती रानड्यांचा काही संबंध नव्हता. त्या एका नावामुळे आणि एका रात्रीमुळे देशातल्या अत्यंत शांत डोक्याच्या माणसाकडे सरकार महिनोन्‌महिने डोळे बारीक करून बघत राहिलं.

पुढचं जे घडलं ते मला या साऱ्या कथेत सर्वांत प्रिय आहे. पुणेकरांनी वर्गणी काढली. वाडा कुणा पुणेकराचा नव्हता. मालक बिठूरला वारलेला, राज्य साहेबाचं, घर सरकारच्या ताब्यातलं. तरी लोकांनी पैसे दिले आणि जळलेली बाजू पुन्हा उभी राहिली. नव्या तुळया चढल्या, कुसवं पुन्हा खाचांत बसली. वाडा खऱ्या अर्थानं शहराचा झाला तो त्या वर्गणीनं, असं मी मानते. कागदावर तो शहराचा व्हायला १९३० उजाडलं. त्या वर्षी पुणे नगरपालिकेनं तो एक लाख रुपयांना विकत घेतला. बांधायला लागले होते त्याच्या निम्मे.

पुढची तीस वर्षं शहराचा कारभार इथून चालला. १५ फेब्रुवारी १९५० ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली तीही या छताखाली, आणि १९५९ मध्ये कचेऱ्या शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेल्या. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्माची नोंद, मृत्यूची नोंद. पेशव्याच्या दरवाज्यातून या काळात जितकी माणसं आत गेली तितकी बाजीरावाच्या हयातीत कधीच गेली नसतील. आज आत पोस्ट आहे, ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे.

आत गेलात तर एक करा. ओसरीवरच्या एखाद्या खांबापाशी उकिडवे बसा आणि तो तळखड्याला जिथे टेकतो तिथे बघा. एवढं वजन वर आणि खाली लाकूड नुसतं दगडावर उभं. मग हळूहळू नजर वर न्या. बुडाचा फुगवटा, पाकळ्या, निमुळता दांडा, हस्त, तुळई, कड्यांची ओळ. त्या कड्या मोजायला लागलात की मान दुखते, पण सोडवत नाही. खांबावर तळहात ठेवून बघा. उन्हाळ्यात बाहेरचा रस्ता तापलेला असतो तेव्हाही सागवान हाताला सोसवेल इतपतच उबदार लागतं.

मागच्या श्रावणात मी तिथे होते तेव्हा सर आली. रस्त्यावरची माणसं धावत सज्ज्याखाली आली. एक बाई तुळशीबागेतल्या दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन पायरीवर टेकल्या आणि ओली चप्पल काढून पाय दाबू लागल्या. शेजारी शाळेचा गणवेश घातलेली त्यांची मुलगी वर बघत होती.

“आई, ती बघ, केळफुलं.”

बाईंनी मान वर केली आणि बराच वेळ खाली केली नाही.

“अगोबाई,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं येते मी इथे.”